विंडोज ११ वरून परत १० वर आलात आणि प्रोग्रॅम बंद पडले? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, लॅपटॉपवर विंडोज ११ टाकलं होतं पण सगळं फारच रेंगाळायला लागलं म्हणून आठवड्याच्या आतच सेटिंगमधल्या 'गो बॅक' बटणाने परत विंडोज १० वर आलो. फोटो, फायली सगळं जागेवर आहे. पण आता एक प्रोग्रॅम उघडतो आणि लगेच मिटतो, दुसरा म्हणतो की व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही, कॅल्क्युलेटर आणि फोटो तर क्लिक केलं तरी हूं की चूं करत नाहीत, आणि एक जुना प्रोग्रॅम काढून परत टाकावा म्हटलं तर तो अनइन्स्टॉलच होत नाही. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकू का?

उत्तर: नको, इतक्यात तरी नको. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात आणि चारही वेगवेगळ्या आहेत, म्हणून एकच औषध सगळ्यांना देऊन चालणार नाही.

आधी 'गो बॅक' नेमकं काय करतं ते बघा, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. नवीन विंडोज टाकताना जुनी विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि मागे फिरलात की तीच परत जागेवर येते. जुनी रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सगळ्या नोंदींची वही), जुने प्रोग्रॅम, जुने ड्रायव्हर सगळे येतात आणि विंडोज ११ वर असताना जे प्रोग्रॅम नवीन टाकले ते जातात. पण तुमचा डेटा मात्र आजचा राहतो. म्हणजे विंडोज मागच्या आठवड्यातली आणि डेटा या आठवड्यातला. मागे फिरल्यावरची निम्मी दुखणी या एका विसंगतीतून येतात असं माझं मत आहे आणि लोक नेमकं तिकडेच बघत नाहीत, प्रोग्रॅम चार वेळा काढून परत टाकत बसतात.

आता डीएलएलवाला प्रोग्रॅम. हा सगळ्यात सोपा. व्हीसीरनटाइम१४० हा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलचा तुकडा आहे, बरेच प्रोग्रॅम तो आपापसात वाटून वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१५ पासूनच्या आवृत्त्यांसाठीचं जे एकच पॅकेज मिळतं ते उतरवा आणि एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) अशी दोन्ही टाका, विंडोज ६४ बिट असली तरी दोन्ही, कारण ३२ बिट प्रोग्रॅमला ३२ बिटचीच फाइल लागते. प्रोग्रॅम बराच जुना असेल तर २००८, २०१०, २०१३ वगैरे पॅकेजेस वेगळी असतात, नवं टाकल्याने जुन्याची गरज भागत नाही. आणि हात जोडून सांगतो, 'डीएलएल फ्री डाउनलोड' असल्या साइटवरून सुटी फाइल आणून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. एक तर त्यात काय भरलंय देव जाणे, आणि दुसरं म्हणजे ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फायली असतात आणि सिसवाउ६४ मध्ये ३२ बिटच्या (हो, उलटंच आहे, नावं ज्याने ठेवली त्याला नमस्कार). चुकीची फाइल चुकीच्या जागी पडली की ०एक्ससी०००००७बी ही एरर येते, आणि मग लोक म्हणतात आधी निदान कारण तरी कळत होतं.

उघडून लगेच मिटणारा प्रोग्रॅम. इथे अंदाज बांधू नका, विंडोजने लिहून ठेवलेलं असतं ते वाचा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि प्रोग्रॅम मिटला त्या वेळेची लाल खूण उघडा. तिथे 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' असं असतं. तिथे एनव्हीओजीएलव्ही६४ दिसलं तर तो एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एटीआयओ६एएक्सएक्स दिसलं तर एएमडीचा, अशा वेळी प्रोग्रॅमला हात न लावता ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाका आणि इन्स्टॉलरमध्ये 'क्लीन' पर्याय असेल तर तो घ्या. एक्सेप्शन कोड ई०४३४३५२ ने संपत असेल तर प्रोग्रॅम डॉटनेटवर (प्रोग्रॅम चालवायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा पाया) चालतो आणि आतच कुठेतरी अडखळलाय. जुन्या प्रोग्रॅमना डॉटनेट ३.५ लागतं, ते 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन चालू करावं लागतं, आपोआप नसतं. आणि एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस दिसलं तर त्यांच्यावर आळ घेऊ नका, ती बिचारी फक्त जिथे प्रोग्रॅम पडला ती जागा दाखवतात, ढकललं दुसऱ्याच कुणीतरी असतं.

यातून काही हाती लागलं नाही तर माझी आवडती चाचणी करा, विंडोजमध्ये एक नवीन युजर अकाउंट बनवा आणि तिथून तोच प्रोग्रॅम उघडा. तिथे नीट चालला म्हणजे प्रोग्रॅम ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या जुन्या अकाउंटमधल्या त्याच्या सेटिंगमध्ये आहे, म्हणजे वर म्हटलं तीच विसंगती, विंडोज ११ वर असताना प्रोग्रॅमने स्वतःला अपडेट केलं, सेटिंग नव्या पद्धतीने लिहिलं आणि आता जुनी आवृत्ती ते वाचायला बसलीय. अशा वेळी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून काही होत नाही कारण अनइन्स्टॉल सहसा ते फोल्डर पुसतच नाही. रन उघडून (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून) टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ॲपडेटा टाईप करा, त्या प्रोग्रॅमच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाचं फोल्डर शोधा, प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि फोल्डरचं नाव बदला. डिलीट नाही हं, नाव बदला, कारण त्यात तुमचे टेम्प्लेट्स, सेव्ह केलेली कामं, काहीही असू शकतं. तिथे सापडलं नाही तर शेजारच्या लोकल फोल्डरमध्येही बघा. प्रोग्रॅम पुढच्या वेळी कोरं फोल्डर बनवून उघडेल, मग जुन्यातलं लागेल तेवढं परत आणा. किंवा त्याहून सोपं, प्रोग्रॅमच नवीन आवृत्तीला अपडेट करा म्हणजे त्याला स्वतःचं लिहिलेलं वाचता येईल. मी तर हेच आधी करून बघायला सांगेन.

कॅल्क्युलेटर आणि फोटो ही मायक्रोसॉफ्ट स्टोअरची ॲप्स, त्यांचा कारभार वेगळा. सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपवर क्लिक, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे रिपेअर आणि रिसेट अशी दोन बटणं असतात. आधी रिपेअर. रिसेटने त्या ॲपमधला डेटा जातो, कॅल्क्युलेटरचं काय जाणार म्हणा, पण स्टिकी नोट्सवर असं दाबण्याआधी विचार करा. स्टोअरच उघडत नसेल तर रनमध्ये डब्ल्यूएसरिसेट टाईप करा, थोडा वेळ काळी खिडकी दिसते मग स्टोअर उघडतं.

राहिला तो न निघणारा प्रोग्रॅम. विंडोज इन्स्टॉलरने टाकलेल्या प्रोग्रॅमची एक प्रत सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात इन्स्टॉलर नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये राहते आणि काढताना तीच लागते, ती नसली की 'नेटवर्क रिसोर्स अनअव्हेलेबल' असलं काहीतरी चमत्कारिक येतं. (जागा वाचवायला हे फोल्डर रिकामं करा असा सल्ला अधूनमधून फिरत असतो, अजिबात ऐकू नका.) उपाय म्हणजे बरोबर त्याच आवृत्तीचा सेटअप आणून वरूनच टाकायचा आणि मग काढायचा. तो मिळाला नाही तर मायक्रोसॉफ्टचं 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' आहे, ते रजिस्ट्रीतल्या बिघडलेल्या नोंदी साफ करतं.

एवढं करून अजूनही पाच-सहा ठिकाणी कटकट चालूच असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, तिथे विंडोजमधलीच दुरुस्तीची दोन टूल्स चालवा, आधी डिसमची रिस्टोअरहेल्थ कमांड आणि मगच एसएफसीची स्कॅननाऊ. क्रम महत्त्वाचा आहे कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठाच डिसम दुरुस्त करतं, उलट केलंत तर खराब साठ्यातून दुरुस्ती होणार. आणि शेवटचा उपाय सगळं पुसणं नाहीये, त्याच्या आधी आणखी एक पायरी आहे, विंडोज १० ची आयएसओ (इन्स्टॉल करायची अख्खी फाइल) मायक्रोसॉफ्टकडून उतरवा, चालू विंडोजमधूनच तिचा सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. विंडोज वरच्यावर नवी होते, प्रोग्रॅम राहतात. आयएसओची भाषा तीच हवी आणि आवृत्ती तीच किंवा पुढची, नाहीतर तो पर्याय राखाडी दिसतो. बॅकअप मात्र आधी, हे सांगायला नको.

प्रश्न: मी पेनड्राइव्हवरून विंडोज १० कोरी टाकली, सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला. माझे सगळे प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर होते आणि फोल्डर जसेच्या तसे आहेत तरी एकही धड चालत नाही. का?

उत्तर: कारण प्रोग्रॅम म्हणजे फक्त ते फोल्डर नसतं. पुस्तकं कपाटात आहेत पण लायब्ररीचं रजिस्टर जळालं, तसं झालंय. रजिस्ट्रीतल्या नोंदी, सर्व्हिसेस, वाटून वापरायच्या डीएलएल, लायसन्सची माहिती हे सगळं सी ड्राइव्हवर होतं आणि ते गेलं. त्या नोंदी हाताने बनवायच्या भानगडीत पडू नका, सेटअप परत चालवा आणि विचारेल तेव्हा डी ड्राइव्हवरचं तेच फोल्डर दाखवा, बरेचदा आतली जुनी सेटिंग्ज तशीच वापरली जातात, पण आधी त्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा कारण काही सेटअप आतलं सगळं निर्दयपणे पुसतात. पोर्टेबल प्रकारचे (इन्स्टॉल न करता चालणारे) प्रोग्रॅम तेवढे आहे तसे चालतील. लायसन्स कॉम्प्युटरला बांधलेलं असेल तर परत ॲक्टिव्हेट करावं लागेल, आणि 'मर्यादा संपली' असं आलं तर जुनं ॲक्टिव्हेशन कंपनीच्या अकाउंटमधून सोडवता येतं का बघा.

प्रश्न: परत आल्यावर फायरफॉक्स म्हणतं की तुम्ही जुनी आवृत्ती उघडलीय, नवीन प्रोफाइल बनवा. बनवली तर सगळे बुकमार्क गायब! गेले का कायमचे?

उत्तर: नाही हो, घाबरू नका. २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही, त्याने बुकमार्क खराब होऊ शकतात म्हणून. पहिल्या उत्तरातली ती विसंगती इथे तुमच्या तोंडावर सांगितली जाते इतकंच, बाकीचे प्रोग्रॅम न सांगता कोसळतात. फायरफॉक्स अपडेट करा, मग ॲड्रेसच्या जागी अबाउट, कोलन, प्रोफाइल्स टाईप करा. जुनी प्रोफाइल यादीत दिसेल, ती डीफॉल्ट करा आणि ब्राउझर बंद करून परत उघडा. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमचंही अगदी असंच आहे.

प्रश्न: विंडोज १० वर आल्यापासून वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट चालत नाही. व्हीपीएन आणि अँटीव्हायरस दोन्ही होते.

उत्तर: त्या दोघांपैकीच कुणीतरी. दोघेही नेटवर्कच्या वाटेत आपले ड्रायव्हर बसवतात, आणि मागे फिरताना त्यातलं अर्धंमुर्धं उरतं. दोन्ही काढा, अँटीव्हायरससाठी कंपनीचं रिमूव्हल टूल वेगळं मिळतं ते वापरा, मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच विनसॉक रिसेट आणि रीस्टार्ट. नेट आलं की एकेक परत टाका, दोन्ही एकदम नको, नाहीतर दोषी कोण ते कळायचं नाही.

प्रश्न: विंडोज ११ टाकून महिना झाला, 'गो बॅक' बटण चालतच नाही. आता १० वर कसं जायचं? आणि जावं का?

उत्तर: ते बटण १० दिवसच चालतं, मग विंडोज.ओल्ड पुसलं जातं. डिसमने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते पण ती संपायच्या आत, तुमची गेली. आता कोरी विंडोज टाकणं हाच मार्ग, आणि सगळे प्रोग्रॅम नव्याने. जावं का, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरगुती वापरासाठीची वाढीव सिक्युरिटी अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत आणि त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि नोंदणी लागते. एखाददुसरा प्रोग्रॅम अडतोय एवढ्यासाठी मी तरी जाणार नाही. त्याच्या एक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे जुनी विंडोज निवडून बघा, नाहीच जमलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) विंडोज १० टाकून तेवढा प्रोग्रॅम त्यात चालवा, डोंगल (लायसन्ससाठी लावायची यूएसबी काडी) किंवा भारी ग्राफिक्सवाला नसेल तर निभतं.