चार महिन्यांत समुद्र बघायला जाणारी बाई

"मॅडम, माणूस जाऊन चार महिने झाले नाहीत आणि बाईला समुद्र बघावासा वाटतो. लोक म्हणतात, ही बाई कशी? मला पण तसंच वाटतं."

मार्गशीर्षातली दुपार होती. ताई चोपडा तालुक्यातून दोन एसट्या बदलून जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. चाळिशीच्या अलीकडचं वय, मुलगा दहावीला. नवरा श्रावणात गेला. रात्री छातीत दुखायला लागलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

समुद्राची गोष्ट नवऱ्याचीच. लग्न झालं तेव्हापासून तो म्हणायचा, मृगात लावलेल्या केळीचे घड कापले की जाऊ. मग एका वर्षी केळीला भाव नव्हता, एका वर्षी वादळानं बाग आडवी केली, एका वर्षी केळीवर व्हायरस आला. सतरा वर्षं गेली. ताईंनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. हसले तर चालेल का, लग्नाला गेले तर चालेल का, नवी साडी नेसले तर? खान्देशात माणूस गेल्यावर घर महिनोन्‌महिने भरलेलं असतं आणि त्याचा आधारही असतो, ते मी नाकारत नाही. पण भेटायला येणारं प्रत्येक माणूस बाईचा चेहरा वाचत असतं. ती रडली तर 'सावरायला हवं', आणि नाही रडली तर 'कशी कोरडी आहे बघा'. ताई म्हणाल्या, "मला रडायचं पण नाही आणि हसायचं पण नाही. कुणी बघत नसेल अशा ठिकाणी नुसतं बसायचंय." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. त्यांना सहल नकोच होती, कुणाची नजर नको होती.

तरी परवानगी देण्याआधी (परवानगी देणारी मी कोण, हाही प्रश्नच) मी एक गोष्ट सरळ विचारली. "ताई, पाण्याजवळ एकटं बसायचं म्हणता. जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात विहिरीकडे बघावंसं वाटायचं नाही, भीती वाटायची. आता नाही. पोराची दहावी आहे." यावर आम्ही तासभर बोललो. उत्तर वेगळं आलं असतं, तर समुद्राचा विषय मी त्या दिवशी मिटवला असता आणि घरच्यांना व मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घेतलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात तसे विचार असतील, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, "मी कितव्या पायरीवर आहे?" मोबाइलवर कुठेतरी दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) वाचल्या होत्या. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी एकेक पायरी चढत जायचं असं त्याचं वेळापत्रक झालं, ते नंतर. मला नेदरलँड्सचे संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट जास्त पटते. माणूस दोन्हीकडे ये-जा करत असतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी त्यातून बाहेर येऊन केळीला पाणी देतो, पोराची फी भरतो, क्वचित खिदळतोही. ही ये-जा म्हणजे बेइमानी नाही, दुःख पचवायची रीतच ती. मी ताईंना म्हटलं, "समुद्र बघायला जाणं म्हणजे त्यांना विसरणं नाही. आणि तिथं जाऊन दुःख संपेल, असंही समजू नका."

खरी अडचण सासूबाईंची होती. पुढच्या वेळी ताई त्यांनाच घेऊन आल्या. आजी पदर ओढून बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लोके काय म्हनतीन?" मी रूढी-परंपरा, काळ बदललाय वगैरे बोलत राहिले. दहा मिनिटांनी लक्षात आलं, मी चुकीच्या दाराशी उभी आहे. कारण आजी मधेच म्हणाल्या, त्यांच्या माहेरी एक विधवा बाई "नदीवर जाऊन येते" म्हणून गेली, ती परत आलीच नाही. त्यांना लोकांचं काही नव्हतं. पोरगा गेला होता आणि आता सूनही जाईल, ही धास्ती होती. सून रात्री उठली की आजी जाग्या होत, आणि चार महिन्यांत कुणाशी त्या हे बोलल्या नव्हत्या. सुनेला भेटायला गाव येत होतं. मुलगा त्यांचाही गेला होता, पण त्यांच्याजवळ कोण बसलं?

मग बेत ठरला तो आजींच्या अटींवर. एकटीनं जायचं नाही, पोराला सोबत न्यायचं, परतीचं तिकीट आधी काढायचं, रोज संध्याकाळी फोन करायचा. कोकण लांब पडतं. ताईंचा भाऊ सुरतेला उधन्यात राहतो. खान्देशातली निम्मी घरं तशीही कुणा ना कुणाच्या निमित्तानं सुरतेशी जोडलेली आहेत. अमळनेरला गाडीत बसायचं, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरायचं. भावाच्या घरापासून डुमसचा किनारा जवळ. डुमस म्हणजे भजी, उंट आणि गर्दी, हे मला माहीत होतं, म्हणून मी सुचवलं की आडवारी पहाटे जा. पोरानं मोबाइलवर शोधून वेगळीच माहिती आणली, तिथं भुतं असतात म्हणे. ताई म्हणाल्या, "असू दे, ती तरी काही विचारणार नाहीत."

ताईंच्या मनात आणखी एक हिशोब होता. अस्थी तापीत सोडल्या होत्या, आणि तापी डुमसजवळच समुद्राला मिळते. पोरगा हिशोबी. म्हणाला, "आई, मधे सारंगखेड्याचा बंधारा आहे, प्रकाशाचा आहे, मग उकाईचं धरण. किती दारं आहेत बघ." त्यावर दोघंही हसले. बाप गेल्यावर बहुतेक पहिल्यांदाच.

संक्रांतीनंतर ते गेले. परत आल्यावर ताई जे सांगतील ते ऐकायला मी उत्सुक होते, आणि त्या आल्या त्या जरा रागातच. "मॅडम, समुद्र नव्हताच तिथं!" पहाटे पोचले तेव्हा पूर्ण ओहोटी. त्या भागात पाणी फार आत जातं. समोर काळी वाळू, चिखल, लांबवर एक चमकती रेघ. सतरा वर्षं वाट बघून चिखल. भाचा म्हणाला, चला घरी. ताई म्हणाल्या, बसते. आणि बसल्या. घरून नेलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, पोरगा वाळूत झोपला. पाणी हळूहळू सरकत दुपारकडे जवळ आलं. ताई घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. रडल्या का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भरती-ओहोटीवरून मला एक छान उपमा सुचली होती, बोलूनही बसले. ताईंनी ती तिथल्या तिथे खोडली. "समुद्र परत येतो मॅडम. हे नाही येणार." मी वही मिटली.

त्यानंतर त्या चार वेळा आल्या. झोप सुधारली. बागेचा व्यवहार दिरानं परस्पर करायचा नाही, असं त्यांनी घरात ठणकावलं. वाईट दिवस अजून येतात. वर्ष उलटूनही माणूस तसूभर हलत नसेल, कामधाम, जेवणखाण सुटलेलं असेल, तर तो वेगळा आजार धरून त्यावर उपचार करावे लागतात. ताईंचं तसं नव्हतं. तापीचा घाट घरापासून जवळ आहे, आता अधूनमधून तिथंही जाऊन बसतात. पहिल्या वेळी आजी मागोमाग पायऱ्यांपर्यंत आल्या होत्या, दुसऱ्या वेळी नाही.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ताईंचा फोन आला. घरात यंदा नवऱ्याच्या नावानं पहिली घागर भरायची होती, म्हणून मला वाटलं धीर हवा असेल. पण मागून आजींचा आवाज आला, "तिले सांग, माले बी ली चाल म्हना." ताई हसत म्हणाल्या, "मॅडम, आखाजी झाली की आम्ही तिघं चाललोय. आत्याबाईंना गुडघ्यांचं दुखणं आहे. वाळूत खुर्ची मिळते का हो तिथं?"