ठाण्याहून गाडीने दोन दिवसांसाठी जंगल-सफारीचा कॅम्प हवाय, रस्ताही बघण्यासारखा हवा. सोबत आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी. कोकणात कुठे जावं?

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात जा. पण ताडोबासारखं जिप्सीत बसून वाघ बघायचं डोक्यात असेल तर आत्ताच सांगतो, इथे वाघ नाही. बिबट्या आहे, पण तो दिसेल या भरवशावर मुलीला नेऊ नका. इथे पायी हिंडायचं असतं. सुपेगावच्या फाटकाशी वनखात्याचे तंबू आहेत, बुकिंग आधी करून ठेवा.

रस्ता. पेण-वडखळपर्यंत बघण्यासारखं काही नाही, ट्रक मोजा. वडखळला अलिबागकडे वळलात की जरा बरं वाटायला लागतं. फेब्रुवारीनंतर गेलात तर कार्लेखिंडीच्या अलीकडे-पलीकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. माळ येतानाच घ्या, नाहीतर दोन दिवस गाडीला कांद्याचा वास. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोत घालून मांडव्याला उतरणं हाही पर्याय आहे, तासाभराची बोट. मुलीला आवडेल, पण ठाण्याहून माझगावपर्यंत पोचण्यातच सकाळ जाते.

खरी मजा अलिबागच्या पुढे. चौलपासून नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्हीकडे दगडी गडगे (कुंपणाच्या बुटक्या भिंती), आणि समोरून एसटी आली की तुम्हीच मागे घ्यायचं. रेवदंड्यात रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून जातो. मग कुंडलिकेचा पूल. त्यावरून उजवीकडे कोर्लईचा डोंगर खाडीच्या तोंडात घुसलेला दिसतो. सुपेगावला जायला पुलापलीकडे साळावहून आत वळायचं, पण आधी कोर्लईपर्यंत जाऊन या. आईवडिलांना गड चढायला लावू नका, खाली दीपगृहापाशी बसवा. या गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं अजून घरात पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, 'नॉ लिंग' म्हणतात तिला. दुकानात चहा पिताना कानावर पडली तर दचकू नका.

आमचं पहिल्या वेळी इथेच चुकलं. अलिबागला जेवण लांबलं, कोर्लईला सूर्यास्त बघितला, आणि साळावहून आत वळलो तेव्हा मिट्ट काळोख. रेंज गेली, नकाशा अडकला. सासरे मागून म्हणाले, "जावईबापू, विचारा की कुणाला तरी." विचारायला माणूस मिळाला अर्ध्या तासाने. तेव्हा चारच्या आत सुपेगाव गाठा.

 एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात. फणसाडच्या गाणीवरूनच अभयारण्याचं नाव पडलं. सकाळी उजाडताच गावातला वाटाड्या घेऊन निघा आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की बोलायचं नाही. आमच्या डोक्यावर सालांचा चुरा पडायला लागला, म्हणून वर बघितलं तर शेकरू. फांदीवर मागच्या पायांवर बसून फळ फिरवत-फिरवत कुरतडत होतं, तांबूस शेपटी खाली लोंबत होती. दहा मिनिटं तरी आम्ही माना वर करून उभे. सासऱ्यांच्या चष्म्यावरही चुरा. त्याखेरीज त्या सकाळी एक भेकर पळताना दिसलं आणि सांबराचे खूर चिखलात. बस, एवढंच. मला ते पुष्कळ वाटलं, मेहुण्याला पैसे फुकट गेल्यासारखे.

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत बरं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवतात गोचिडी फार असतात, म्हणून पूर्ण पँट आणि मोजे घाला, रात्री मुलीच्या कानामागे बघा. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतं, दिसायची शक्यता वाढते, पण वडिलांना तो उकाडा झेपेल का ते तुम्हीच ठरवा. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी संध्याकाळी वडखळला अडकलात की ठाणं रात्री कितीला येईल याचा नेम नाही.