वाचकांचे प्रश्न : समुद्रात शिरण्याआधीचा सॅमन

प्र. : गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात टाकला तर मरतो. मग सॅमनचं पिल्लू नदीतून थेट समुद्रात कसं जातं? (एक वाचक, नाशिक)

उ. : तयारी न होता गेलं, तर तेही मरतं. अटलांटिक सॅमनचं पिल्लू आधी काही वर्षं नदीतच काढतं. स्पेन-फ्रान्सकडे बहुधा एक-दोन, नॉर्वेच्या उत्तरेला चार-पाचसुद्धा. तेव्हा त्याच्या कुशीवर शाईच्या बोटांचे ठसे उमटावेत तसे उभे गडद पट्टे असतात. अंग 12 ते 15 सेंटिमीटर भरलं असेल, तर हिवाळ्यानंतर दिवस मोठा होऊ लागताच बदल सुरू होतो. वाढ कमी पडली, तर मुक्काम आणखी एक वर्ष.

माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या मानाने साधारण एक तृतीयांश. नदीत पाणी आपोआप अंगात शिरतं आणि क्षार निसटतात. म्हणून पिल्लू पाणी जवळजवळ पीतच नाही, पातळ लघवी भरपूर करतं आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढतं. समुद्रात सगळंच उलटं. तिथे अंगातलं पाणी बाहेर जातं, त्यामुळे समुद्राचं पाणी प्यावं लागतं. आतडं ते शोषून घेतं, सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांवाटे बाहेर पडतात, मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंड काढून टाकतं.

गंमत अशी, की कल्ल्यांतल्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे क्षारांची ने-आण चालवणारं प्रथिन, नदीत असतानाच बदलतो. या पंपाचा गोड्या पाण्यात चालणारा प्रकार कमी होतो, खाऱ्या पाण्यातला वाढतो. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल हे घडवतात; गोड्या पाण्यात उपयोगी पडणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक ओसरतं. थायरॉइडची संप्रेरकंही वाढतात, आणि याच काळात नदीचा वास पिल्लाच्या स्मृतीत पक्का होतो. खवल्यांत ग्वानीन या चकाकणाऱ्या द्रव्याचे स्फटिक साठून अंग चंदेरी होतं, बांधा सडपातळ होतो. एका दगडाच्या आडोशासाठी भांडणारी पिल्लं आता थवा करून, बहुतेक रात्री, प्रवाहाबरोबर खाली निघतात. अशा पिल्लाला स्मोल्ट म्हणतात.

सगळ्याच जाती इतका वेळ घेत नाहीत. पॅसिफिकमधला गुलाबी सॅमन अंड्यातून निघून नदीतळाच्या खडीतून वर येताच समुद्राची वाट धरतो.

प्र. : हॅचरीतली (अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रातली) सॅमनची पिल्लं छान चंदेरी दिसत होती, तरी समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडल्यावर बरीच मेली. कुठे चुकतं? (एक वाचक, बर्गन, नॉर्वे)

उ. : चंदेरी रंगावर विसंबू नका, कल्ले तयार नसतानाही तो दिसू शकतो. खात्री हवी तर थोडी पिल्लं 24 तास दर लिटरला 34-35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात ठेवून रक्तातलं क्लोराइड मोजा. लिटरला 150 मिलिमोलच्या आत असेल तर ठीक, त्याहून बरंच वर असेल तर थांबा.

मग दिव्यांचं वेळापत्रक तपासा. नेहमीची पद्धत म्हणजे सुमारे सहा आठवडे 12 तास उजेड, 12 तास अंधार असा कृत्रिम हिवाळा, आणि नंतर चोवीस तास उजेड. अंधाराच्या तासांत फटीतून दिवा दिसत राहिला, तर पिल्लांना हिवाळा कळतच नाही. सतत उजेड सुरू झाल्यापासून साधारण 300 ते 400 अंश-दिवसांत (पाण्याचं तापमान गुणिले दिवस), म्हणजे 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात 30 ते 40 दिवसांत, पिल्लं तयार होतात. ही तयारी टिकाऊ नसते. गोड्या पाण्यातच अडकून पडली, तर कल्ले पुन्हा नदीच्या कामाला लागतात. पाणी जितकं उबदार, तितकं हे लवकर होतं. पिल्लं समुद्रात नेणाऱ्या नावेची वाट पाहण्यात गेलेला आठवडा म्हणूनच महागात पडतो.

दोन कारणं सहज सुटून जातात. आम्लधर्मी पाण्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. मासा गोड्या पाण्यात धडधाकट दिसतो आणि समुद्रात कोसळतो. आम्लवर्षेमुळे दक्षिण नॉर्वेतल्या कित्येक नद्यांमधले सॅमन संपले, आणि तिथे आजही पाण्यात चुना सोडावा लागतो. दुसरं म्हणजे हाताळणी. स्मोल्टचे खवले सैल असतात, कोरड्या जाळीने उपसले की गळतात आणि त्या जागेतून खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी झिरपतं. पाण्यासकट हलवा.

प्र. : आमच्याकडे जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून गोड्या तळ्यात सोडतात. त्यांना एवढी तयारी का लागत नाही? (एक वाचक, अलिबाग)

उ. : जिताड्याचा प्रवास उलटा आहे. तो खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्लं वाढायला खाडीत, गोड्या पाण्यात शिरतात. खारेपणातले चढउतार सोसण्याची ताकद त्याच्यात लहानपणापासून असते. सॅमनसारखा ठरावीक हंगाम त्याला लागत नाही. तरी एकदम ओतू नका. पिंपातलं थोडं पाणी काढून तेवढंच तळ्याचं घाला, असं काही तास करत राहा. दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं झालं की मगच सोडा.