इलेक्ट्रोलाइटला 'क्षार' म्हणावं का?

एका शिक्षिकेने विचारलंय: रक्तातल्या आणि समुद्रातल्या घटकांविषयी शिकवताना इलेक्ट्रोलाइटला 'क्षार' म्हटलं तर चालेल का? आणि बायकार्बोनेटमधला 'बाय' म्हणजे दोन, तर दोन काय?

इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाण्यात विरघळल्यावर ज्याचे विद्युतभारित कण (आयन) सुटे होतात आणि पाण्यातून वीज वाहू शकते असा पदार्थ. बोलण्यात त्याला 'क्षार' चालतो. जुलाबांनी गळून गेलेलं पोर तपासून डॉक्टर "अंगातले क्षार कमी झालेत" म्हणतात आणि आईला ते नेमकं कळतं. वर्गात मात्र मी हा शब्द जपून वापरेन. रसायनाच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (आम्लाला उदासीन करणारा पदार्थ, बेस) यांच्यापासून क्षार बनतो. आयुर्वेदातले यवक्षार, सर्जिक्षार स्वतःच अल्कधर्मी, म्हणजे आम्लारीच्या गुणाचे. शिवाय आम्लंही इलेक्ट्रोलाइट असतात, ती क्षारांत कशी बसवणार?

पाठ्यपुस्तकातला शब्द 'विद्युत अपघटनी'. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने १८३४ साली 'इलेक्ट्रोलाइट' आणि 'आयन' हे शब्द ग्रीकवरून घडवले, तेव्हा समज असा होता की वीज सोडली की पदार्थ फुटतो. पुढे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसने दाखवलं की मीठ पाण्यात विरघळतानाच त्याचे आयन सुटे होतात, विजेसाठी थांबत नाहीत. रक्तात तर कोणी वीज सोडतच नाही! म्हणून चंचुपात्रापुढे 'विद्युत अपघटनी' म्हणा, शरीर आणि समुद्र आला की सरळ 'आयन'. रक्ताच्या रिपोर्टात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट असतात ते आयनच.

एक प्रयोग जरूर करा. एका पेल्यात मीठ-पाणी, दुसऱ्यात साखर-पाणी. नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात नाही. दोन्ही विरघळले, पण आयन एकाचेच झाले. जलसंजीवनीतली साखरही इलेक्ट्रोलाइट नव्हे. आतड्यातून सोडियम आत घ्यायला ती मदत करते.

आता 'बाय'. धुण्याच्या सोड्यात जितक्या सोडियममागे एक कार्बोनेट, तितक्याच सोडियममागे खाण्याच्या सोड्यात दोन. त्यावरून इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वुलस्टनने १८१४ मध्ये हा उपसर्ग लावला. म्हणजे 'दोन' हे तुलनेतलं दोन आहे, आयनात दोन असं काही नाही. आजचं नाव हायड्रोजन कार्बोनेट, आणि ते जास्त प्रामाणिक आहे. पण दवाखान्यात जुनंच चालतं, तेव्हा मुलांना दोन्ही सांगा.

हाच आयन समुद्रातही आहे. रक्तात लिटरला साधारण २४ मिलिमोल, समुद्रात दोनच्या आसपास. तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या बदलाला 'आम्लीकरण' म्हणतात. हा शब्द मुलांना फसवतो, समुद्र आंबट झाला असं वाटतं. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राचा सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१, पाणी अजून अल्कधर्मीच. मी "समुद्राचा सामू उतरतोय" म्हणेन. माती परीक्षणामुळे 'सामू' शेतकऱ्यांच्या मुलांना घरचा आहे. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो तेव्हा पाण्यात बायकार्बोनेट वाढतं, कमी होतं ते कार्बोनेट, ज्यातून शिंपले आपलं कवच घडवतात.