ऑपरेशन कोणाचं?

प्रिय मित्रा,

काल तू फोनवर वीस मिनिटं बोललास. डॉक्टर काय म्हणाले ते आलं, तुझी आई काय म्हणाली ते आलं, ऑफिसातल्या त्या सर्वज्ञ मित्राचंही मत आलं. तुझी बायको काय म्हणते, हे मात्र एकदाही आलं नाही. चौतिसावा आठवडा, बाळ पायाळू, 'बहुतेक सिझर करावं लागेल', आणि तुझा प्रश्न काय, तर "नॉर्मलसाठी डॉक्टरांना कसं पटवू?" मी तेव्हा हूं हूं करत ऐकून घेतलं. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. ऑपरेशन कोणाचं रे?

तू तिच्यावर जीव टाकतोस, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे धीर-बिर देत बसत नाही.

आधी तुझ्या काळजीचं. चौतिसाव्या आठवड्यात पायाळू असलेली बरीच बाळं आपली आपण फिरतात. दिवस भरतात तेव्हा सगळ्या बाळांतली शंभरात तीन-चारच पायाळू असतात. नाहीच फिरलं, तर सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास पोटावरून हातांनी फिरवायचा प्रयत्न करता येतो. तो साधारण निम्म्या वेळा साधतो, पण सगळ्यांना चालत नाही. हे डॉक्टरांना जरूर विचारा. सिझर का, घाई किती, थांबलो तर काय होईल, हेही विचारा. विनाकारण सिझर होतच नाहीत असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण प्रश्न तिने विचारायचे. तू शेजारी बसून उत्तरं लिहून घ्यायची.

आणि ते 'सिझर दहा ते पंधरा टक्केच हवेत' हे डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा 1985 चा तो आकडा अख्ख्या लोकसंख्येसाठी होता. 2015 मध्ये त्याच संघटनेने सांगितलं की ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सिझर मिळणं महत्त्वाचं. टक्केवारी देशाची असते. तुझी बायको एकच आहे.

आता माझं ऐक. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

आमच्या पहिल्या खेपेला तेरा तास कळा झाल्या आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. नर्स कागद घेऊन बाहेर आली. पेन हातात घेऊन मी म्हणालो, "अजून थोडी वाट नाही का बघता येणार?" मागे दार अर्धवट उघडं होतं आणि ट्रॉलीवर ही होती. शुद्धीवर. तिने स्वतःची सही कधीच केली होती, आणि खरी लागते ती तीच. मी मात्र तिच्या पोटाचा सौदा केल्यासारखा पेन फिरवत उभा. त्या काळी नवऱ्याला कोणी काही सांगत नसे, दाराबाहेर उभं करत, माझं वय ते काय होतं! सगळं खरं आहे. पण विचारायला तोंड होतं ना मला?

वर दुसऱ्या दिवशी म्हणालो, "चला, सुटलीस. सोपं झालं." सोपं! कातडी, चरबी, त्याखालचं चिवट आवरण, मग स्नायू बाजूला सारायचे, पोटाचं अस्तर, आणि शेवटी गर्भाशयाची भिंत. बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं. पुढचा अर्धा-पाऊण तास जातो तो हे सगळं शिवण्यात. पाठीत इंजेक्शन दिलेलं असेल तर ती पूर्ण जागी असते. दुखत नाही, पण आत चाललेली ओढाताण जाणवते. गर्भाशयाला टाके घालण्याची रीत माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरने 1882 मध्ये रूढ केली. त्याआधी ते बहुतेक वेळा तसंच सोडून देत आणि बहुतेक बाया दगावत. 'सोपं' म्हणण्याआधी एवढं तरी ठाऊक असावं माणसाला.

मला तर काहीच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी ही उठली, अंगावरून जाताना दिसलं, आणि मी घाबरून नर्सला विचारलं, "बाळ तर पोटातून काढलं, मग हे कुठून?" बाई हसल्या. अरे, वार सुटते तिथे आत जखम राहतेच, बाळ कुठूनही येवो. हे जाणं सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं.

तू हसू नकोस. तुलाही ठाऊक नसणार.

खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची, ती तिच्या हाताशी ठेव. हसतानाही टाके ओढतात, तेव्हा विनोद आवर. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही तिने उचलायचं नाही. ताप, टाक्यांतून पू, खूप रक्तस्राव, पोटरीला सूज, छातीत दुखणं, दम लागणं, यातलं काही दिसलं तर कोणाचं मत न घेता थेट दवाखाना गाठ. 'एकदा सिझर की कायम सिझर' हेही डोक्यातून काढ. गर्भाशयावरचा छेद आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चारांतल्या जवळपास तिघींचं साधतं. मात्र जुना व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एक इतका असतो. तो पत्करायचा की नाही, हे कोण ठरवणार? बरोबर. ऑपरेशन कोणाचं?

आणि 'ती कुठे कमी पडली का' असं काल तू हळूच विचारलंस, ते पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. बाळ पायाळू आहे. यात कमी पडायचं काय असतं?

हे पत्र हिला वाचून दाखवलं. दाराजवळचा प्रसंग आला तेव्हा काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "रात्री बाळ उचलून द्यायचं लिहिलंत का?" राहिलं होतं. तर लिहितो: दर दोन-तीन तासांनी ती पाजायला उठेल, तेव्हा वाकून बाळ तू उचलायचंस, तिच्या कुशीत द्यायचंस आणि पिऊन झालं की परत घ्यायचंस. मी तेव्हा झोपलेला असायचो.

तुझा,
काका