आधी ढाबळ, मग कुत्रं

तुमचा प्रश्न असा: पॉइंटरच्या (पक्ष्याचा वास लागताच जागीच ताठ थांबून तो दाखवणाऱ्या शिकारी कुत्र्याच्या) सरावासाठी मोठी होमर, म्हणजे लांब सोडली तरी घरी परतणारी, कबुतरं विकत आणली, महिनाभर कोंडून ठेवली, सोडली तर एकही परत आलं नाही. कबुतरांत काही खोट नव्हती. ती घरीच गेली, फक्त आधीच्या मालकाच्या! होमर जिथे उडायला शिकतं ती ढाबळ ते सहसा विसरत नाही, कितीही कोंडा.

म्हणून यापुढे मोठ्या जोड्या आणाल त्या फक्त पिल्लांसाठी, कायम बंद. मादी दोन अंडी घालते, साधारण 18 दिवसांत ती फुटतात आणि चार-पाच आठवड्यांत पिल्लं स्वतः दाणे टिपू लागतात. सरावाला हीच. ढाबळीच्या तोंडाशी जाळीचा पिंजरा लावून त्यांना आठ-दहा दिवस आजूबाजूचं सगळं बघू द्या. दाणे टाकताना डबा वाजवायची सवय ठेवा. पहिल्यांदा सोडाल तेव्हा पोट रिकामं हवं, म्हणजे डब्याच्या आवाजाला खाली येतात. आत यायच्या खिडकीत लोंबत्या तारा लावा, ज्या फक्त आतल्या बाजूला ढकलल्या जातात. मग अर्धा किलोमीटर, एक, दोन असं हळूहळू अंतर वाढवत न्या, दर वेळी वेगळ्या दिशेने.

आता कुत्र्याकडे वळू. एकच नियम कडक पाळा: कबुतर त्याच्या तोंडी लागता कामा नये. कबुतर लाँचरमध्ये, म्हणजे रिमोट दाबताच पक्षी हवेत उडवणाऱ्या स्प्रिंगच्या पेटीत, ठेवा आणि कुत्र्याला वाऱ्याला आडवं चालवत आणा. वास लागला की मान झटकन वळते, अंग ताठ होतं. तिथे थांबला तर उभं राहू द्या. एक पाऊल जरी पुढे सरकला तरी रिमोट दाबा. ओरडू नका, दोरी खेचू नका. आपण सरकलो की पक्षी जातो, हे त्याला पक्ष्याकडूनच कळू द्या. मात्र नाकासमोर लाँचर कधीही उडवू नका. त्या खटक्याने बुजलेलं कुत्र्याचं पिल्लू पुढे पक्ष्यालाच टाळायला लागतं आणि ते निस्तरणं फार जड जातं. खटक्याची सवय आधी लांबून, रिकाम्या लाँचरने करा.

आणखी एक. कुत्री आपल्या पावलांचा माग काढत थेट लाँचरवर जातात आणि आपल्याला वाटतं, वा, काय नाक आहे! हातमोजे घाला, वाकडेतिकडे फिरून या, दोन-तीन लाँचर रिकामे ठेवा. काहीजण कबुतराची मान पंखाखाली घालून, गरगरवून गवतात ठेवतात. मला ते पटत नाही. ते कधी भानावर येईल याचा नेम नसतो, आणि नेमकं तेव्हाच कुत्रं झडप घालतं.

एका कुत्र्याला एका वेळी तीन-चार कबुतरं भरपूर झाली. घरट्यात पिल्लं असलेली किंवा अंड्यावर आलेली मादी नेऊ नका. धुकं असेल तर सुट्टी. शेवटचं कबुतर अंधाराच्या निदान दोन तास आधी सुटलं पाहिजे. एखादं गप्प बसून दाणे चोचीतून टाकून देत असेल तर चोच उघडून बघा: घशात पिवळा थर दिसला तर त्याला लगेच वेगळं करा आणि पशुवैद्याला दाखवा, कारण तो रोग पिण्याच्या पाण्यातून सगळ्यांना लागतो. ढाबळ कोरडी आणि हवेशीर ठेवा. झाडताना तोंडाला मास्क लावा, वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट.