बाळाचं डोकं आणि बाबांचं हेल्मेट

प्रश्न : माझा मुलगा सहा महिन्यांचा आहे. चवथीला आलेल्या मामी त्याला बघून म्हणाल्या, ‘‘डोकं बघ गो, घुमट कसं!’’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जन्मतः डोकं 36 सेंमी होतं, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या वेळी 42. गेल्या आठवड्यात नणंदेने शिवणकामाच्या टेपने मोजलं तर 47! बाळ हसतं, पालथं पडतं, दूध नीट पितं. ह्यांचंही डोकं मोठं आहे, हेल्मेट मिळता मिळत नाही. डोक्यात पाणी तर झालं नसेल ना?
– एक आई, साखळी

उत्तर : पत्रातला 47 आकडा वाचून मीही जरा सावरून बसले, खोटं कशाला सांगू! सहाव्या महिन्यात मुलग्याचं डोकं साधारण 43 च्या आसपास असतं, आणि 47 म्हणजे वाढीच्या आलेखाच्या अगदी वरच्या काठावर. म्हणून तुम्हाला कळवलं, की न ताणणारी टेप घ्या आणि तीनदा मोजा. तुमचे आकडे आले 44.8, 45 आणि 44.9. त्यातला सर्वांत मोठा धरायचा, म्हणजे 45.

आता हिशेब बघा. पहिले तीन महिने डोकं महिन्याला सुमारे 2 सेंमी वाढतं, पुढचे तीन महिने 1 सेंमी, आणि मग वर्षापर्यंत अर्धा. तुमच्या बाळाचे 36, त्यात 6, त्यात 3. झाले 45! मोठं डोकं घेऊन जन्मलं आणि आपल्याच रेघेवरून चाललंय. आम्ही डॉक्टर एका आकड्याकडे फारसं बघत नाही, वेळोवेळीचे आकडे आलेखावर जोडून होणारी ती रेघ बघतो. ज्या आलेखावर ती काढतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा. 1997 ते 2003 या काळात सहा देशांतली मुलं मोजून केलेला, त्यात दिल्लीचीही होती.

आणि ह्यांच्या हेल्मेटच्या आत चिकटवलेलं लेबल वाचा. 620 मिमी, म्हणजे मोठं माप, लिहिलेलं असेल तर निम्मं उत्तर तिथंच आहे : डोकं बाबांवर गेलंय. तुमचंही डोकं मोजा. अशा बाळाला तपासताना मी आईबाबांच्या डोक्यालाही टेप लावते. बाबा लाजतात, पण बसतात.

नणंदेची चूक कुठे झाली असेल? जावळ काढलं नसेल तर केसांच्या झुबक्यावरून टेप गेली असेल, किंवा तिरकी धरली गेली असेल. टेप पुढे भुवयांच्या जरा वर आणि मागे डोक्याचा सर्वांत बाहेर आलेला भाग येतो तिथून गेली पाहिजे, कानांच्या वरून. (जुनी, ताणलेली कापडी टेप उलट डोकं लहान दाखवते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.) मी नवी असताना वाळपईच्या बाजूच्या एका गावात एका मुलीची शेंडी टेपखाली धरून मोजलं आणि त्या बिचाऱ्यांना भर पावसात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात धाडलं. तिथे शेंडी सोडून मोजल्यावर सगळं ठीक निघालं.

तरी या महिन्यात एकदा तुमच्या डॉक्टरांना सगळे आकडे तारखांसकट दाखवाच. आणि एवढं लक्षात ठेवा : बाळ शांत, बसतं धरलेलं असताना टाळू फुगून ताठ वाटली, बुबुळं खाली झुकून वर पांढरं दिसू लागलं, उलट्या, सुस्ती, किंवा रेघ सोडून डोकं भराभर वाढू लागलं, तर त्याच दिवशी निघायचं. नुसती टाळू धडधडणं मात्र ठीक. डोकं वाढायचं थांबलं तर तीही तेवढीच काळजीची गोष्ट, पण त्यावर शेजारीणपाजारीण कधी बोलत नाही. टाळू उघडी आहे तोवर तिच्यावरूनच सोनोग्राफी होते; ना भूल, ना किरण. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितली तर घाबरू नका.

प्रश्न : नात साडेतीन महिन्यांची. डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय. मी रोज टाळू भरते, डोकं दाबून गोल करते, मोहरीची उशीही शिवली. सून नको म्हणते. कोण बरोबर?
– आजी, डिचोली

उत्तर : आजी, या वेळी सूनबाई! खोबरेल तेल हलक्या हाताने लावा, मजा करा, पण दाबायचं नाही आणि पाळण्यात उशी नाही, मोहरीचीही नाही. उताणं झोपवणं बरोबरच आहे, त्याने डोकं चपटं होतं तेवढं होऊ द्या. जागी असेल तेव्हा दिवसातून चार-पाचदा समोर बसून पोटावर खेळवा, आणि पाळणा फिरवा, म्हणजे ती दाराकडे बघायला दुसऱ्या बाजूला मान वळवेल. मान वळवायलाच त्रास होत असेल, किंवा कपाळ आणि कान वाकडे दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.